दमनक सुटतो, दिम्ना सापडतो : एका प्राणिकथेतील राजकीय रूपक आणि उपहास

प्रास्ताविक

पंचतंत्रातील सिंह, बैल आणि दोन कोल्हे यांची कथा भारतातील बहुतेक भाषांत पोहोचलेली आहे. हीच कथा अरबीत 'कलीला व दिम्ना' या नावाने, फारसीत 'अन्वारे सुहैली' आणि 'इयारे दानिश' या ग्रंथांतून, तर उर्दूत 'खिरद अफरोज'मधून वाचली गेली. कथा एकच आहे, परंतु तिचा शेवट एक नाही. संस्कृत परंपरेतील कपटी कोल्हा दमनक आपला डाव जिंकतो आणि मंत्रिपदावर बसतो. अरबी परंपरेत त्याच कोल्ह्यावर रीतसर खटला चालतो, साक्षी-पुरावे होतात आणि त्याला मृत्युदंड मिळतो.

हा फरक वरवर पाहता नैतिक दुरुस्तीसारखा वाटतो. दुष्टाला शिक्षा झालीच पाहिजे या भावनेने एका भाषांतरकाराने शेवट बदलला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाची मर्यादा तपासली आहे. खटल्याचे प्रकरण बारकाईने वाचले तर त्यात राजसत्ता आणि न्याय यांच्यावर केलेला मूळ कथेइतकाच तिखट उपहास आढळतो. आरोपीच्या पिंजऱ्यात दिम्ना उभा आहे, परंतु ज्याने प्रत्यक्ष खून केला तो सिंह न्यायासनाच्या मागे सुरक्षित आहे. या विसंगतीतच त्या प्रकरणाचा राजकीय अर्थ दडलेला आहे.

कथेचा प्रवास

पंचतंत्राची प्रस्तावना सर्वपरिचित आहे. महिलारोप्य नगरीचा राजा अमरशक्ती आपल्या तीन मूर्ख पुत्रांना विष्णुशर्म्याच्या स्वाधीन करतो आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवण्याचे वचन देतो. म्हणजे ग्रंथाचा आरंभच राज्यकर्त्यांच्या शिक्षणापासून होतो. त्यातील पाच तंत्रे राजपुत्रांसाठी आहेत. ती मुलांच्या मनोरंजनाची गोष्ट पुढे झाली.

सहाव्या शतकात इराणचा सम्राट खुस्रो अनुशिर्वान (कारकीर्द ५३१ ते ५७९) याच्या दरबारातील बुर्झोया नावाच्या वैद्याने या कथा पहलवी भाषेत नेल्या, अशी परंपरा आहे. ते पहलवी भाषांतर आज उपलब्ध नाही. त्यावरून सहाव्या शतकातच एक सिरियाक भाषांतर झाले आणि आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा याने अरबी भाषांतर केले. अरबीतून ही कथा पुढे फारसी, हिब्रू, लॅटिन आणि युरोपातील अन्य भाषांत गेली. फ्रेंच कवी ला फोंतेन याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्राणिकथांच्या दुसऱ्या संग्रहात 'पिलपे' या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले आहे. हा पिलपे म्हणजे अरबी ग्रंथातील बैदबा.

पश्चिम भारतात ही परंपरा जैन पंडितांनी जपली. पूर्णभद्र या जैन मुनीने ११९९ मध्ये पंचाख्यानाची आपली संस्करित संहिता पूर्ण केली. अकबराच्या दरबारात मुस्तफा खालिकदाद अब्बासी याने पंचाख्यानाचे संस्कृतावरून थेट फारसी भाषांतर केले. त्याच दरबारात अबुल फज्लने १५८८ मध्ये 'इयारे दानिश' लिहून अरबी-फारसी मार्गाने आलेली कथाही नव्याने मांडली. एकाच बादशहाच्या ग्रंथालयात या कथेचे दोन्ही शेवट शेजारी शेजारी नांदत होते.

या संदर्भात वडोदऱ्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या प्राच्यविद्या मंदिराची कीर्ती पाठभेदांच्या अभ्यासासाठी आहे. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेने १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. या संस्थेचे संचालकपद भूषविणारे भोगीलाल सांडेसरा यांनी १९४९ मध्ये पंचतंत्राचे गुजराती भाषांतर विस्तृत अभ्यासासह सिद्ध केले होते. पाठभेद म्हणजे केवळ शब्दांचा फरक नसतो. काही वेळा एक संपूर्ण प्रकरण वाढते आणि ग्रंथाची राजकीय दिशाच बदलते. दिम्नाचा खटला हा असाच एक पाठभेद आहे.

मित्रभेद : विजयी मंत्र्याची कथा

पहिल्या तंत्राची मांडणी राजकीय दृष्टीने विलक्षण नेमकी आहे. वर्धमान नावाच्या व्यापाऱ्याचा संजीवक हा बैल यमुनेच्या काठी मागे राहतो, चारा खाऊन पुष्ट होतो आणि डरकाळ्या फोडू लागतो. पाणी पिण्यास आलेला पिंगलक सिंह ती अनोळखी डरकाळी ऐकून घाबरतो, पाणी न पिताच परत फिरतो आणि आपली भीती सेवकांपासून लपवतो. राजसत्तेचे पहिले गुपित येथे उघड होते : सिंहासनावर बसलेला मनातून भ्यालेला असतो.

ही भीती नेमकी दमनकाच्या लक्षात येते. करटक आणि दमनक हे मंत्र्याचे पुत्र आहेत, परंतु त्यांचा अधिकार गेलेला आहे. सत्तेबाहेर फेकलेल्या माणसाला सत्तेच्या दुबळ्या जागा चांगल्या कळतात. दमनक सिंहाच्या भीतीचा शोध घेतो, बैलाला दरबारात आणतो आणि दोघांची मैत्री घडवतो. परंतु मैत्री इतकी दाट होते की सिंह शिकार सोडून देतो, सेवकांची उपासमार होते आणि दमनक पुन्हा बाजूला पडतो. तेव्हा स्वतःच जोडलेली मैत्री तो स्वतःच तोडतो.

मैत्री तोडण्याची त्याची पद्धत अभ्यासनीय आहे. त्याच्याजवळ पुरावा नाही, कारण गुन्हाच घडलेला नाही. म्हणून तो पुराव्याच्या जागी चिन्हे ठेवतो. सिंहाला तो सांगतो की बैल राज्य बळकावणार आहे आणि तो अमुक आविर्भावात येईल तेव्हा सावध राहावे. बैलाला तो सांगतो की सिंह तुला खाणार आहे आणि त्याची मुद्रा अशी दिसली तर समज. दोघेही भेटीला येतात ते घाबरून येतात. घाबरलेल्याचे अंग ताठरते, नजर भिरभिरते. प्रत्येकाला दुसऱ्याच्या शरीरावर तीच चिन्हे दिसतात, जी पाहण्यास त्याला सांगितलेली असतात. अफवा आपला पुरावा स्वतः निर्माण करते, हे राजकीय सत्य इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच कोणी सांगितले असेल.

सिंह बैलाला मारतो. करटक दमनकाची निर्भर्त्सना करतो, परंतु दरबारात जाऊन सत्य सांगत नाही. सिंहाला पश्चात्ताप होतो, तेव्हा द्रोह्यासाठी राजाने शोक करू नये असे दमनक त्याला समजावतो. सिंह शांत होतो आणि दमनकाला मंत्री करून राज्य चालवतो. कथा संपते.

हा शेवट अनैतिक आहे असा आक्षेप घेतला जातो. परंतु तो उपहासाचाच एक प्रकार आहे. दरबारात जे घडते ते लेखकाने चेहरा न बदलता सांगितले आहे आणि निर्णय ऐकणाऱ्या राजपुत्रांवर सोडला आहे. याच ग्रंथाच्या पाचव्या तंत्राचे नाव 'अपरीक्षितकारक' आहे. पारख न करता कृती करणाऱ्यांची उदाहरणे त्यात येतात. पूर्णभद्राच्या संहितेत तेथे एक न्हावी चौकशी न करता भिक्षूंवर प्रहार करतो आणि न्यायाधीश त्याला सुळावर चढवतात. पहिल्या तंत्रातील सिंहानेही पारख न करताच आपल्या निरपराध मित्राला ठार केले होते. न्हावी सुळावर जातो आणि सिंह सिंहासनावर राहतो. ही दोन तंत्रे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला ग्रंथातील मौन ऐकू येते.

इब्नुल मुकफ्फा आणि नवे प्रकरण

इब्नुल मुकफ्फा हा जन्माने इराणी. त्याचे मूळ नाव रोझबेह होते आणि इस्लामचा स्वीकार त्याने प्रौढपणी केला. प्रथम उमय्या आणि ७५० च्या सत्तांतरानंतर अब्बासी अधिकाऱ्यांच्या पदरी तो कातिब, म्हणजे सरकारी लेखनिक होता. एक राजवट पडताना आणि दुसरी उभी राहताना त्याने दफ्तरातून पाहिली. खलिफा अल मन्सूर याच्या राजवटीत त्याने लिहिलेल्या एका निवेदनात, निरनिराळ्या शहरांतील काझी एकाच प्रश्नावर परस्परविरोधी निकाल देतात याकडे लक्ष वेधून, सर्वांसाठी एक निश्चित संहिता करावी असे सुचवले आहे. न्यायाची प्रक्रिया हा त्याच्या चिंतनाचा विषय होता, हे यावरून स्पष्ट होते.

त्याचा शेवट त्याच्याच कथेतल्यासारखा झाला. खलिफाच्या बंडखोर चुलत्यासाठी अमानपत्राचा, म्हणजे अभयपत्राचा मसुदा त्याने लिहिला. त्यातील अटी इतक्या कडक होत्या की खलिफा दुखावला, असे इतिहासकार सांगतात. सुमारे ७५७ मध्ये बसरा येथे त्याला क्रूरपणे ठार करण्यात आले. त्याच्यावर उघड खटला चालल्याची नोंद नाही.

दिम्नाच्या चौकशीचे प्रकरण त्यानेच रचले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याला आधार भक्कम आहे. संस्कृतात हे प्रकरण नाही. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुन्या सिरियाक भाषांतरातही, जे पहलवीवरूनच झाले होते, ते आढळत नाही. याचा अर्थ पहलवीतही ते नसावे.

प्रकरणाची सुरुवातच अर्थपूर्ण आहे. अरबी ग्रंथाच्या चौकटीत दबशलीम राजा प्रश्न विचारतो आणि बैदबा हा तत्त्वज्ञ उत्तर देतो. बैलाच्या मृत्यूची कथा ऐकल्यावर राजाच विचारतो की पुढे दिम्नाचे काय झाले, त्याने आपला बचाव कसा केला. संस्कृतातील श्रोते कथा ऐकून थांबतात. अरबीतील श्रोता जाब मागतो. वाचकाच्या मनातील अस्वस्थता लेखकाने राजाच्या तोंडी घातली आहे.

खटल्यातील उपहास

बैलाला अरबीत शतरबा हे नाव आहे आणि सिंह बहुधा निनावी आहे. शतरब्याच्या वधानंतर सिंह खिन्न राहू लागतो. एका रात्री त्याचा विश्वासू बिबट्या दरबारातून घरी जाताना कलीला आणि दिम्ना यांचे बोलणे ऐकतो. कलीला दिम्नाला त्याच्या पापाबद्दल फटकारत असतो. बिबट्या ही गोष्ट सिंहाच्या आईला सांगतो, परंतु आपले नाव उघड न करण्याचे वचन घेऊनच. आई मुलाकडे जाते आणि नाव न सांगता दिम्नाचा अपराध सुचवते. दिम्नाला तुरुंगात टाकले जाते आणि काझीसमोर चौकशी सुरू होते.

या दरबारात काझी सर्वांना आवाहन करतो की ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते सांगावे. सभा गप्प राहते. तेव्हा दिम्नाच उठून म्हणतो की जाणत असाल तर बोला, परंतु न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देऊ नका. आपले म्हणणे पटवण्यासाठी तो अडाणी वैद्याची गोष्ट सांगतो, ज्याने औषध न ओळखता राजकन्येला विष दिले.

यानंतर राजाच्या भोजनव्यवस्थेचा प्रमुख बोलायला उठतो. काही पाठांत तो डुकरांचा नायक आहे. त्याच्याजवळ माहिती नाही, पण विद्या आहे. तो चेहऱ्यावरून माणूस ओळखतो. दिम्नाचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आहे, नाक एका बाजूला कललेले आहे, म्हणून तो अपराधी आहे, असा त्याचा युक्तिवाद. दिम्नाचे उत्तर दोन पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी तर्काची : शरीरावरील खुणांनी बरे-वाईट ठरत असेल तर कोणालाही कृतीबद्दल बक्षीस नको आणि शिक्षाही नको, कारण खुणा जन्मापासूनच्या असतात. दुसरी पायरी उपहासाची : दुसऱ्याच्या डोळ्याचे माप काढणाऱ्याने आपल्या शरीराची घाण पाहिली नाही, आणि असा प्राणी राजाच्या अन्नाला हात लावतो! गुजराती कवी दलपतराम यांच्या कवितेतील उंट सभेत इतर प्राण्यांची वाकडी अंगे मोजून दाखवतो आणि कोल्हा त्याला त्याचीच अठरा अंगे वाकडी असल्याचे सुनावतो. गुजरातमधील विद्यार्थ्याला हा प्रसंग पाठ असतो. भोजनप्रमुखाची फजिती त्याच जातीची आहे. मात्र येथे प्रसंग हसण्यावर संपत नाही, कारण बोलणारा कोल्हा खरोखरच अपराधी आहे.

या ठिकाणी कथेची बांधणी किती विचारपूर्वक आहे ते लक्षात येते. शतरब्याचा जीव कशामुळे गेला? मुद्रा, नजर, शिंगांची हालचाल, शेपटीचा आविर्भाव, अशा शारीरिक चिन्हांना पुरावा मानल्यामुळे. ते चिन्हशास्त्र दिम्नानेच सिंहाला शिकवले होते. आता तेच शास्त्र त्याच्यावर उलटते, आणि ते खोटे आहे हे दाखवण्याचे काम त्यालाच करावे लागते. त्याने दिलेला प्रत्येक युक्तिवाद बरोबर आहे. तो युक्तिवाद सिंहाने पंधरा दिवस आधी ऐकला असता तर बैल वाचला असता, असे वाचकाच्या मनात येते. लेखकाने सत्य अशा तोंडात ठेवले आहे की ते ऐकून आनंदही होत नाही आणि नाकारताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी काझी दिम्नाला कबुलीजबाब देण्याचा सल्ला देतो. परलोकी त्याचे फळ मिळेल, असे सांगतो. दिम्ना उत्तर देतो की तर्कावर निकाल देणे न्यायाधीशाला शोभत नाही. मग तो बाजदाराची गोष्ट सांगतो. मालकिणीने झिडकारलेला हा नोकर दोन पोपटांना बल्खच्या भाषेत तिच्यावर आळ घेणारी वाक्ये शिकवतो. घरात कोणाला ती भाषा येत नाही. बल्खचे पाहुणे येतात तेव्हा ते वाक्य समजते आणि स्त्रीच्या प्राणावर बेतते. तिचा बचाव साधा आहे : पोपटांना त्या भाषेत आणखी काही विचारून पहा. पोपटांना शिकवलेल्या वाक्यांपलीकडे काहीच येत नाही आणि कट उघडा पडतो.

पढवलेल्या साक्षीचे यापेक्षा चपखल रूपक सापडणे कठीण आहे. साक्षीदार खोटे बोलत नाही, कारण आपण काय बोलतो हेच त्याला ठाऊक नाही. उलटतपासणीचे तत्त्वही त्यात आहे. आणि हे सर्व सांगणारा दिम्ना स्वतः तो बाजदार आहे. त्याने सिंहाला एक वाक्य शिकवले, बैलाला दुसरे, आणि दोघांनी ती पाठ म्हटली. जुन्या पंचतंत्रात करटक दमनकाला धर्मबुद्धी आणि पापबुद्धी यांची गोष्ट सांगतो. तीत पापबुद्धी आपल्या बापाला झाडाच्या ढोलीत लपवून झाडाकडून खोटी साक्ष देववतो. साक्षीचा प्रश्न मूळ कथेत बीजरूपाने होताच. इब्नुल मुकफ्फाने त्याचा विस्तार केला.

साक्षीदारांचे मौन

खटला पुढे सरकत नाही, याचे कारण पुरावा नाही असे नाही. पुरावा आहे, पण तो बोलत नाही. बिबट्याने ऐकले आहे. तुरुंगात कलीला दिम्नाला भेटायला आला असताना तेथील एका कैदी चित्त्यानेही त्यांचे बोलणे ऐकले आहे. कलीला तर सर्वांत मोठा साक्षीदार, पण तो दुःखाने आणि भयाने मरण पावतो. त्याच्या मृत्यूची बातमी घेऊन येणाऱ्या कोल्ह्याचे नाव अरबी पाठात रोझबा आहे. लेखकाच्या मूळ नावाशी असलेले हे साम्य मुद्दाम साधलेले असो वा नसो, वाचकाला ते थबकायला लावते.

अखेर आईच्या आग्रहाने बिबट्या पुढे येतो. ते कळताच चित्ताही निरोप पाठवतो. दोघांच्या साक्षीने गुन्हा सिद्ध होतो आणि दिम्नाला तुरुंगातच ठार केले जाते. इतके दिवस का बोलला नाहीत, असे सिंह विचारतो तेव्हा एकट्याच्या साक्षीने निकाल होत नाही, हे त्यांना ठाऊक होते, असे उत्तर मिळते.

इस्लामी न्यायपद्धतीत एरवी दोन साक्षीदारांची अट असते. येथे ती कथेच्या गाभ्याशी येते. अट योग्य आहे, कारण एकाच्याच शब्दावर शतरबा मेला होता. परंतु याच अटीच्या आडोशाला प्रत्येक साक्षीदार दुसऱ्याची वाट पाहत बसू शकतो. प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच आहोत. दरबारातील भीती माणसांना एकमेकांपासून तोडते, आणि तुटलेल्यांची साक्ष कायद्याला पुरत नाही. एकाने उठताच दुसरा उठतो, हे या प्रकरणातील सर्वांत आशादायक वाक्य आहे. उठणारा दुसरा हा राजाचा मित्र नाही, एक कैदी आहे, हेही नोंदवण्यासारखे आहे.

सिंहाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. शतरब्याला दिम्नाने हात लावला नव्हता. त्याने चहाडी केली. नखे आणि दात सिंहाचे होते. चहाडखोराचा न्याय होताना मारणाऱ्याविषयी न्यायालय अवाक्षर काढत नाही. सिंह खिन्न होतो, घाई झाली असे मान्य करतो, परंतु काझी त्याला एकही प्रश्न विचारत नाही. सर्व जबाब लिहून, शिक्का मारून ज्याच्याकडे पाठवले जातात तो सिंहच आहे. शिक्षेचा हुकूमही त्याचाच.

अभ्यासकांचा एक पक्ष असा की या प्रकरणाने पंचतंत्राचा थंड, निर्मम सूर बिघडवला आणि त्यावर नीतीचे ठिगळ लावले. प्रकरण लांबले आहे आणि कलीलाचा मृत्यू सोयीचा आहे, हे खरे. मात्र ठिगळाचा आरोप टिकत नाही. ठिगळ लावणाऱ्याला दुष्टाचा वध दोन ओळींत उरकता आला असता. येथे कार्यपद्धती दाखवली आहे : अटक, जबाब, नोंद, शिक्का, उलटतपासणी, दोन साक्षी. राजाने बैलाच्या बाबतीत जी काळजी घेतली नाही ती सर्व काळजी गुन्हेगाराच्या बाबतीत घेतली जाते. निरपराधाला चौकशी मिळाली नाही आणि अपराध्याला मिळाली. दोन्ही प्रकरणे जोडून वाचली की दुसरे प्रकरण पहिल्यावरचा अभियोग बनते. सिंहावर थेट आरोप ठेवणे आठव्या शतकातील कातिबाला शक्य नव्हते. न्याय कसा दिसतो हे दाखवून न्याय कोठे झाला नाही, ते त्याने वाचकाच्या हाती दिले.

त्याने आपल्या प्रस्तावनेत सुचवलेही आहे की प्राण्यांच्या गोष्टी पाहून मुले या पुस्तकाकडे येतील, राजे करमणुकीसाठी पाहतील, परंतु त्यातला खोल हेतू विचारवंतांसाठी आहे. अक्रोड फोडल्याखेरीज गर मिळत नाही, अशा आशयाचा दाखलाही तो देतो.

विसाव्या शतकातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांची 'ॲनिमल फार्म' ही कादंबरी १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील स्क्वीलर हे डुक्कर दमनकाच्या कुळातले आहे : सत्तेसाठी भाषा वाकवणारे. तेथेही प्राण्यांचा न्याय होतो, पण तो कबुलीजबाबांचा. प्राणी उभे राहून गुन्हे कबूल करतात आणि जागीच मारले जातात. हत्येस मनाई करणाऱ्या भिंतीवरील नियमात नंतर दोन शब्द वाढलेले दिसतात. सक्तीच्या कबुलीवर चालणारा न्याय हा न्याय नव्हे, हे दिम्नाने काझीला सुनावलेले सत्य बाराशे वर्षांनंतरही लागू होते.

दोन वाचक, दोन शेवट

मराठीत ही कथा मुख्यतः संस्कृत मार्गाने आली. १८१५ मध्ये सेरामपूर येथे वैजनाथ पंडितांचा 'हितोपदेश' छापला गेला. १८२२ मध्ये मुंबईत छापलेले 'पंचोपाख्यान' हे आरंभीच्या मुद्रित मराठी पुस्तकांपैकी एक आहे. शेजारी इसापाची परंपरा उभी राहिली : तंजावरच्या सरफोजीराजांच्या आश्रयाने १८०६ मध्ये 'बालबोध मुक्तावली' आणि १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीती'. शाळांच्या गरजेतून प्राणिकथा 'बोधकथा' झाली. ससा-सिंह, माकड-मगर, बोलके कासव या उपकथा वेगळ्या काढल्या गेल्या आणि त्यांना बांधणारी दरबाराची चौकट मागे पडली. दमनक मराठी मुलांना भेटतो तो बहुधा 'लबाड कोल्हा' म्हणून, सत्ता गमावलेला मंत्रिपुत्र म्हणून नाही.

उर्दू वाचकाकडे ही कथा अरबी-फारसी मार्गाने आली. बाराव्या शतकातील नसरुल्लाह मुन्शी, हेरातचे हुसैन वाइज काशिफी आणि मग अबुल फज्ल अशी ही साखळी आहे. काशिफींनी गाळलेली बुर्झोयाची प्रकरणे अबुल फज्लने परत घेतली. त्याच्याच ग्रंथावरून फोर्ट विल्यम कॉलेजसाठी हफीझुद्दीन अहमद यांनी 'खिरद अफरोज' सिद्ध केले. या वाचकाला खटला माहीत असतो. पण येथेही वेगळ्या प्रकारे धार बोथट झाली. 'अन्वारे सुहैली' कंपनीच्या नोकरांचे फारसी शिकण्याचे पुस्तक बनले, आणि अलंकारिक भाषेच्या कौतुकात दरबारावरील टीका झाकली गेली. काशिफींच्या ग्रंथात या प्रकरणाचा रोख दुष्कर्म करणाऱ्यांना मिळणाऱ्या शिक्षेवर आहे. वाचकाची नजर त्यामुळे दिम्नावर खिळते आणि सिंह नजरेआड होतो.

एका वाचकाला अन्याय दिसतो, पण खटला दिसत नाही. दुसऱ्याला खटला दिसतो, पण त्याची मर्यादा दिसत नाही.

समारोप

१९६५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झालेल्या कोयलीसारख्या परिसरात, किंवा वडोदरा शहरात, गुजराती, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषा शेजारी नांदतात. अशा ठिकाणच्या अध्यापकाला या कथेची तुलना शिकवण्यासाठी वेगळ्या साधनांची गरज नाही. दलपतरामांचा उंट, पंचतंत्रातील दमनक आणि 'खिरद अफरोज'मधील दिम्ना वर्गातच उपलब्ध होऊ शकतात. विद्यार्थ्यांना 'या गोष्टीचे तात्पर्य काय' या प्रश्नाऐवजी चार प्रश्न देता येतील : सिंहाने कशाला पुरावा मानले? कोणाला ठाऊक होते आणि कोण गप्प राहिले? चौकशी कोणाची झाली? कोणाची झाली नाही?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पाठात सापडतात. चौथ्याचे उत्तर संस्कृत पाठात नाही, अरबीत नाही, फारसी-उर्दूतही नाही. विष्णुशर्म्याने ते राजपुत्रांवर सोडले, इब्नुल मुकफ्फाने विचारवंतांवर सोडले. प्राणिकथेचे राजकारण या मोकळ्या सोडलेल्या जागेत असते. चहाडखोराला शिक्षा झाली म्हणून समाधान मानणारा वाचक सिंहाच्याच दरबारात बसून राहतो. शतरब्याच्या वधाची चौकशी कोणी केली, असे जो विचारतो, त्याच्यासाठी ही कथा लिहिलेली आहे.